सुरक्षिततेकडून काटकसरीकडे : अमेरिकेतील इमारत-यंत्रचालकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास आणि भारतीय संदर्भ

प्रस्तावना

ऊर्जा बचतीचा इतिहास आजवर प्रामुख्याने यंत्रांतील सुधारणांचा, कायद्यांचा आणि तेलाच्या किमतींचा इतिहास म्हणून मांडला गेला आहे. इमारतीच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे व वास्तुविशारदाचे नाव असते. परंतु त्या इमारतीतील बॉयलर, चिलर, पंप आणि पंखे वर्षानुवर्षे चालविणाऱ्या माणसाची नोंद हजेरीपटापलीकडे क्वचितच आढळते. वास्तविक इमारतीचा आराखडा व बांधकाम काही वर्षांत पूर्ण होते, तर तिची यंत्रणा त्यानंतर कित्येक दशके चालवावी लागते. या दीर्घ काळात किती कोळसा, तेल वा वीज खर्च होईल हे केवळ आराखड्यावर ठरत नाही. पहाटे पंखा किती वाजता सुरू करायचा, गाळणी केव्हा धुवायची, बिघडलेला संवेदक कोणाच्या लक्षात येणार, यांवरही ते ठरते.

इमारत चालविण्याचे ज्ञान हे शिकविण्याजोगे व प्रमाणित करण्याजोगे ज्ञान आहे, ही कल्पना कशी रुजली याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण निवडले आहे. तेथे या प्रश्नाचे सर्व टप्पे सलग पाहावयास मिळतात. समाजाने यंत्रचालकाच्या प्रशिक्षणास दोनदा मान्यता दिली, प्रथम भीतीपोटी आणि नंतर टंचाईपोटी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. यांपैकी दुसरी मान्यता ज्या प्रदेशात वाचविलेल्या ऊर्जेला हिशेबाच्या वहीत स्थान मिळाले, त्या प्रदेशात ठोस रूप घेऊ शकली. भारतात पहिली मान्यता कायद्याच्या रूपाने आली. दुसरी आली ती मात्र यंत्रचालकापर्यंत न पोहोचता वरच्या पायरीवरच थांबली.

१. स्फोटाचे भय आणि पहिला परवाना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शहरांत मोठ्या इमारती, गिरण्या, रुग्णालये व शाळा वाफेवर उबदार ठेवल्या जात. बॉयलर तळघरात असे आणि त्याचा फायरमन बहुधा अनुभवाने शिकलेला असे. निष्काळजी हाताळणी अथवा सदोष बनावट यांमुळे बॉयलरचे स्फोट वारंवार होत. १८६६ साली हार्टफर्ड येथे बॉयलरची तपासणी व विमा एकत्र करणारी कंपनी स्थापन झाली. विम्याच्या निमित्ताने का होईना, बॉयलर कसा चालविला जातो याकडे बाहेरच्या माणसाची नजर गेली.

चालकांनीही आपल्या परीने संघटित होण्यास प्रारंभ केला. १८८२ साली स्थिर बाष्पयंत्रांच्या चालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचा भर व्यवसायशिक्षणावर होता. १८९६ साली बाष्पयंत्रचालकांची कामगार संघटना उभी राहिली आणि पुढे तिचे रूपांतर आंतरराष्ट्रीय ‘ऑपरेटिंग इंजिनिअर्स’ संघटनेत झाले. ‘इंजिनिअर’ हा शब्द तळघरातील माणसाने स्वतःसाठी वापरला, ही बाब लक्षणीय आहे. महाविद्यालयीन पदवीधराने तो शब्द आपल्यापुरता राखून ठेवण्यापूर्वीचा हा काळ होय.

२० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथील ग्रोव्हर पादत्राण कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला. इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर १९०७ साली मॅसॅच्युसेट्सने बॉयलरविषयक नियम केले, तर अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९१४-१५ मध्ये आपली बॉयलर संहिता सिद्ध केली. अनेक शहरांनी व राज्यांनी बॉयलर चालविणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. या परवान्याच्या परीक्षेत पाण्याची पातळी, सुरक्षा-झडप व दाब यांविषयी प्रश्न असत. कोळसा किती जळाला हा मालकाच्या खर्चाचा प्रश्न मानला गेला, कायद्याचा नव्हे. पहिल्या मान्यतेची मर्यादा येथेच आखली गेली.

२. तापनियंत्रकाचा शोध आणि चालकाचा निर्णय

याच सुमारास दुसरी, अधिक सूक्ष्म घडामोड सुरू झाली होती, आणि तिचा उगम एका अध्यापकाच्या वर्गात झाला. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. खोलीचे तापमान पाहण्यासाठी शाळेचा रखवालदार दर थोड्या वेळाने वर्गात येई, तापमापक पाही आणि तळघरात जाऊन हवेची झडप, म्हणजेच डँपर, कमी-जास्त करी. शिकविण्यात येणाऱ्या या व्यत्ययावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी विद्युत तापनियंत्रक तयार केला व १८८३ साली त्याचे एकस्व मिळविले. वर्गातील तापमानाची सूचना आता तळघरात घंटेद्वारे मिळू लागली. १८८५ साली मिलवॉकी येथे त्यांची कंपनी सुरू झाली आणि पुढे हवेच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रकांमुळे डँपर व झडपाही आपोआप हलू लागल्या.

या शोधाचे तांत्रिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्याची सामाजिक बाजूही पाहिली पाहिजे. जॉन्सन यांच्या व्यवस्थेपूर्वी रखवालदार वर्गातील माणसे पाहत होता, हवेचा अंदाज घेत होता आणि निर्णय घेत होता. नव्या व्यवस्थेत निर्णय यंत्राकडे गेला व रखवालदाराकडे आज्ञापालन उरले. यंत्रणा स्वयंचलित आहे, म्हणून ती चालविणाऱ्यास फारसे कळण्याची गरज नाही, हा समज पुढील शतकभर टिकून राहिला. नियंत्रक चुकला तर ते ओळखणार कोण, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

३. स्वस्त ऊर्जेचा काळ

१९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. १९२८ साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे मिलम बिल्डिंग ही संपूर्ण वातानुकूलित बहुमजली कार्यालयीन इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या भिंतींच्या, उघडता न येणाऱ्या खिडक्यांच्या इमारतींची लाट आली. अशा इमारतीत यंत्रणा बंद पडली तर माणसांस बसणे अशक्य होते. साहजिकच ‘तक्रार येऊ नये’ हेच देखभाल विभागाचे उद्दिष्ट बनले.

त्या काळी प्रचलित असलेली एक पद्धत येथे सांगण्यासारखी आहे. सर्व हवा आधी थंड करावयाची आणि मग प्रत्येक दालनाच्या गरजेप्रमाणे ती पुन्हा तापवावयाची, अशी ‘रीहीट’ व्यवस्था अनेक इमारतींत होती. तापमान अचूक राखले जाई, परंतु एकाच हवेवर ऊर्जा दोनदा खर्च होई. वीज व इंधन स्वस्त असल्याने यात कोणास वावगे वाटले नाही. एखाद्या अनुभवी चालकास हा अपव्यय दिसत असला, तरी तो सांगण्यासाठी त्याला ना भाषा शिकविली गेली होती, ना अधिकार दिला गेला होता.

४. १९७३ नंतर : आदेश आणि त्याच्या मर्यादा

१९७३ च्या तेलसंकटाने ही स्थिती पालटली. १९७५ साली वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अॅशरे’ या संस्थेने नव्या इमारतींच्या आराखड्यासाठी ऊर्जा बचतीचे प्रमाणक, ‘९०-७५’, प्रसिद्ध केले. जुलै १९७९ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या शासनाने बिगरनिवासी इमारतींतील तापमानावर निर्बंध घातले. उन्हाळ्यात ७८ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २५.६ अंश सेल्सिअस) खाली थंड करू नये व हिवाळ्यात ६५ अंशांच्या (सुमारे १८.३ अंश सेल्सिअस) वर तापवू नये, असा तो आदेश होता. फेब्रुवारी १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी तो मागे घेतला.

प्रमाणक नव्या आराखड्यापुरते होते आणि आदेश तापनियंत्रकावरील आकड्यापुरता. उभी असलेली इमारत प्रत्यक्ष चालविण्याच्या कलेस या दोहोंचाही स्पर्श झाला नाही. उदाहरणार्थ, वर सांगितलेल्या ‘रीहीट’ पद्धतीच्या इमारतीत उन्हाळ्याचा आकडा वाढविला, परंतु मुख्य यंत्रातून येणारी हवा पूर्वीइतकीच थंड ठेवली, तर दालनातील तापमान वाढविण्यासाठी उलट अधिक उष्णता खर्च होऊ शकते. आदेश पाळला जातो, बचत मात्र होत नाही. यंत्रणेचा परस्परसंबंध समजणारा माणसच येथे उपयोगी पडतो.

काटकसरीची दुसरी बाजू आरोग्याची होती. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातील अधिवेशनात ‘लीजनेअर्स’ रोगाची साथ उद्भवली. या रोगाचे जंतू पाण्याच्या व वातानुकूलनाच्या यंत्रणेतून पसरू शकतात हे पुढे स्पष्ट झाले आणि कूलिंग टॉवरची स्वच्छता हा जीवनमरणाचा विषय ठरला. १९८१ च्या प्रमाणकात कार्यालयांसाठी बाहेरून घ्यावयाच्या हवेचे किमान प्रमाण माणशी मिनिटास ५ घनफुटांपर्यंत उतरविण्यात आले होते. बंद इमारतींतील आजारपणाच्या तक्रारी वाढल्यानंतर १९८९ साली किमान पातळी १५ घनफुटांवर नेण्यात आली. केवळ झडपा बंद करणे म्हणजे बचत नव्हे, हा धडा या दशकाने दिला.

५. वायव्येतील अनुभव : बचत हीच वीज

प्रशिक्षणाचा विचार ज्या प्रदेशात आकारास आला तो वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो व माँटाना या राज्यांचा वायव्य प्रदेश होय. कोलंबिया नदीवरील धरणांमुळे येथील वीज देशात सर्वांत स्वस्त विजेपैकी होती. वाढत्या मागणीच्या अंदाजावर विसंबून वॉशिंग्टनमधील सार्वजनिक वीजसंस्थांच्या संयुक्त मंडळाने पाच अणुवीज प्रकल्पांचा घाट घातला. खर्च अनेक पटींनी वाढला, मागणीचे अंदाज फोल ठरले, १९८२ साली चौथा व पाचवा प्रकल्प रद्द झाला आणि १९८३ साली २.२५ अब्ज डॉलरच्या रोख्यांची परतफेड थकली. पाचांपैकी एकच प्रकल्प पूर्ण होऊन वीज देऊ लागला. सिअ‍ॅटल शहराने १९७६ सालीच, ‘एनर्जी १९९०’ या अभ्यासानंतर, चौथ्या व पाचव्या प्रकल्पात सहभागी न होता बचतीचा मार्ग पत्करला होता.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या वायव्य वीज अधिनियमास विशेष महत्त्व आहे. या कायद्याने ऊर्जा बचतीस ‘साधनसंपत्ती’ मानले व विजेच्या नियोजनात तिला प्रथम क्रमांक दिला. त्यानंतर अपारंपरिक ऊर्जा व मग इतर साधने असा क्रम लावला. एवढेच नव्हे, तर खर्चाची तुलना करताना बचतीस दहा टक्के झुकते माप दिले. वाचविलेले एक युनिट हे निर्माण केलेल्या एका युनिटासारखेच विकत घेण्याजोगे ठरले. प्रशिक्षणासाठी पैसा कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर या हिशेबातून मिळाले : जी वीजसंस्था नव्या केंद्रासाठी पैसा घालणार होती, तिनेच तो बचत करणाऱ्या माणसावर खर्च करावा.

प्रारंभी हा पैसा दिवे, काचा व यंत्रे बदलण्यावर खर्च झाला. परंतु नवी यंत्रे बसविलेल्या इमारतींतही अपेक्षित बचत टिकत नाही, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले. कोठे रात्रीही पंखे सुरू राहत, कोठे बाहेरच्या हवेची झडप अडकलेली असे, तर कोठे तक्रार मिटविण्यासाठी वेळापत्रकच रद्द केलेले असे. टेक्सासमध्येही १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लोनस्टार’ योजनेतून हाच अनुभव आला. मोजमापांच्या नोंदी पाहता, यंत्र न बदलता केवळ ते चालविण्याची रीत सुधारून मोठी बचत होऊ शकते, हे तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले.

६. इमारत-चालक प्रमाणपत्र

१९९० च्या दशकाच्या मध्यास सिअ‍ॅटल येथील वायव्य ऊर्जा कार्यक्षमता परिषदेने ‘बिल्डिंग ऑपरेटर सर्टिफिकेशन’ हा अभ्यासक्रम विकसित केला. प्रदेशातील वीजसंस्थांच्या निधीतून १९९६ साली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता सहकार्य संस्थेचे त्यास पाठबळ लाभले. पुढे हा अभ्यासक्रम देशाच्या इतर भागांतही स्वीकारला गेला.

या अभ्यासक्रमाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. शिकणारा हा नोकरीत असलेला प्रौढ चालक असल्याने वर्ग सलग न घेता काही आठवड्यांच्या अंतराने, काही महिने घेतले जात. दोन वर्गांच्या मधल्या काळात प्रत्येकाने आपल्याच इमारतीत काम करून दाखवावयाचे असे : तिच्या यंत्रणांचा नकाशा काढणे, वर्षभराच्या वीजबिलांचा आलेख मांडणे, दिव्यांची पाहणी करणे. मिळालेले प्रमाणपत्र ठरावीक काळाने नूतनीकृत करावे लागे. पुस्तकी परीक्षेपेक्षा स्वतःच्या इमारतीची ओळख यास येथे अधिक मोल होते.

विषयाच्या आशयातही बदल दिसतो. बॉयलरच्या जुन्या परवान्यात ‘काय केल्यास अपघात होईल’ हे शिकविले जाई. येथे ‘काय न केल्यास ऊर्जा वाया जाईल’ हे शिकविले जाऊ लागले. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी कमी केल्यास त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हा नियम अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात पूर्वीपासून होता. तो तळघरातील माणसाच्या हाती देणे ही नवी गोष्ट होती. कंडेन्सरच्या नळ्यांवर साचलेला थर, चुकीचे तापमान दाखविणारा संवेदक, एकाच वेळी चालणारे तापविणे व थंड करणे, हे दोष सावकाश होतात, आवाज करीत नाहीत आणि त्यांची तक्रारही कोणी करीत नाही. त्यांचा शोध घेण्यासाठी मोजण्याची व नोंद ठेवण्याची सवय लागते. प्रशिक्षणाचा गाभा हाच होता.

एकविसाव्या शतकात या विचारास व्यापक मान्यता मिळाली. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये इमारत-कर्मचाऱ्यांच्या ‘३२बीजे’ या कामगार संघटनेने एक हजार इमारत-अधीक्षकांना हरित देखभालीचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याच वर्षी त्या शहराच्या ‘स्थानिक कायदा ८७’ ने ५० हजार चौरस फुटांवरील इमारतींस दर दहा वर्षांनी ऊर्जा तपासणी व यंत्रणांची फेरजुळणी बंधनकारक केली. डिसेंबर २०१० मध्ये संमत झालेल्या संघीय इमारत-कर्मचारी प्रशिक्षण अधिनियमाने शासकीय इमारतींची देखभाल करणाऱ्यांस, मग ते नोकर असोत वा कंत्राटी, कोणती कौशल्ये अवगत असली पाहिजेत हे निश्चित करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. बॉयलरच्या परवान्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी चालकाच्या ज्ञानास दुसऱ्यांदा कायद्याची मान्यता मिळाली.

७. भारतीय संदर्भ

भारतातील वाटचालीचा पहिला टप्पा अमेरिकेशी आश्चर्यकारक साम्य दाखवितो. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला व १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. त्यांत एकसूत्रता आणण्यासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम झाला. २०२५ साली नव्या बॉयलर अधिनियमाने त्याची जागा घेतली. मुंबईच्या गिरण्यांपासून सोलापूरपर्यंत ‘बॉयलर अटेंडंट’चे प्रमाणपत्र हे कामगाराच्या घरात जपून ठेवण्याचे कागदपत्र बनले. वायरमन व विद्युत पर्यवेक्षक यांच्यासाठीही १९५६ च्या विद्युत नियमांनी सक्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक केले. हेतू सर्वत्र एकच होता : जीवितरक्षण.

दुसरा टप्पा ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ चा. २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली व २००४ पासून ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा सुरू झाली. २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. ही पावले मोलाची आहेत. परंतु परीक्षेची पात्रता अभियांत्रिकीची पदवी वा पदविका आणि अनुभव यांभोवती आखली गेली, तर संहितेचा भर नव्या इमारतीच्या आराखड्यावर राहिला. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. मात्र त्याचा रोख मुख्यतः वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला आणि रुग्णालयात, कार्यालयात वा महाविद्यालयात चिलर, पंप व जनित्र रोज चालविणारा ‘ऑपरेटर’ या दोन्ही रचनांच्या मधल्या जागेत राहिला आहे. शिवाय आज तो बहुधा कंत्राटदाराच्या पटावर असतो. कंत्राट बदलले की माणूस बदलतो आणि त्या इमारतीविषयी साचलेले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते.

उच्च शिक्षणसंस्थांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ पासून लागू झालेल्या चौकटीत सातव्या निकषाखाली ऊर्जा लेखापरीक्षण व हरित लेखापरीक्षण यांचा अंतर्भाव झाला आणि अनेक महाविद्यालयांनी असे अहवाल तयार करून घेतले. लेखापरीक्षक दोन दिवस येतो, मोजमापे घेतो आणि अहवाल देतो. पाण्याची टाकी किती वेळात भरते, कोणत्या इमारतीचे दिवे सुटीतही जळतात, कोणता पंप अलीकडे जास्त तापतो, हे मात्र पंप चालविणाऱ्या कर्मचाऱ्यास वर्षभर ठाऊक असते. अहवालाच्या वाचनास त्यास बोलावल्याची उदाहरणे विरळाच.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, यंत्रचालकाच्या ज्ञानास मिळालेली मान्यता ही समाजाच्या निकडीतून आली आहे. स्फोटाने परवाना दिला आणि टंचाईने अभ्यासक्रम. दुसरी, स्वयंचलित नियंत्रणाने चालकाची गरज संपत नाही, तर तिचे स्वरूप बदलते. नियंत्रकावर लक्ष ठेवणारा जाणकार अधिकच आवश्यक ठरतो. तिसरी, केवळ आदेशाने अथवा केवळ यंत्रे बदलून बचत टिकत नाही. चौथी, वायव्य अमेरिकेत प्रशिक्षण रुजले ते वाचविलेल्या विजेची किंमत मोजण्याची व्यवस्था आधी अस्तित्वात आल्यामुळे. भारतात असा अभ्यासक्रम आखावयाचा झाल्यास पाठ्यक्रमाइतकाच हा आर्थिक पायाही विचारात घ्यावा लागेल.

या इतिहासाचा एक अर्थ शिक्षणक्षेत्रासाठी विशेष आहे. व्हाइटवॉटरच्या प्राध्यापकांस रखवालदाराच्या येण्याचा व्यत्यय वाटला आणि त्यातून एक मोठा शोध लागला. परंतु त्या रखवालदारास वर्गातील हवा का जड होते हे समजावून सांगितले असते, तर काय घडले असते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. तो विचारण्यास आणखी सुमारे एकशे दहा वर्षे जावी लागली. आपल्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान, भूगोल व वाणिज्य या विभागांना तो आपल्याच आवारात विचारता येईल. वीजबिलाचा आलेख काढणे, पंपाच्या वेळा नोंदविणे आणि त्या नोंदींचा अर्थ पंपचालक व वायरमन यांच्यासोबत बसून लावणे, एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही; इमारत चालविणाऱ्या कर्मचाऱ्यास शिकणारा व शिकविणारा अशा दोन्ही नात्यांनी चर्चेत सामावून घेण्याची आवश्यकता आहे.